मुलांना शोधायला शिकवू या



आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत त्या विज्ञानाविषयी. पण विज्ञान म्हटले की काचेच्या नळ्या, दिवे, रसायनांच्या बाटल्या आणि शहरातली मोठी प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. ती सगळी बाजूला ठेवा. बिलोली तालुक्यातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या शाळेत, एका शिक्षकाला आणि तिसरी-चौथीच्या पोरांना जे करता येईल, तेवढेच मी सांगणार आहे. त्याला लागेल एक काठी, एक रिकामी बाटली, एक जुने बारदान, शंभर दाणे आणि एक वही. आणि हो, थोडा धीरही लागेल. तो मात्र बाजारात मिळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, परिसर अभ्यासाच्या तासाला आपण विचारतो, "निरीक्षण म्हणजे काय?" वर्गातली हुशार मुले उभी राहतात आणि व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. मग त्याच मुलांना विचारून पाहा, की शाळेच्या दारातल्या कडुनिंबाच्या पानाची कड कशी असते, सरळ की करवतीच्या दात्यांसारखी? सगळा वर्ग चिडीचूप! त्या झाडाखाली रोज डबा खाणारी ही मुले. पोहण्याची व्याख्या पाठ करून कोणी मांजरा नदी पार करीत नाही. पाण्यात उतरावेच लागते. शोध घेण्याचेही तसेच आहे. ती हाताची, डोळ्याची आणि मनाची सवय आहे, आणि ती लहानपणीच लागते.

तेव्हा पहिली पायरी पाहण्याची. मुलांना झाडाखाली न्या. प्रत्येकाच्या हातात कडुनिंबाचा एक डहाळा आणि चिंचेचा एक डहाळा द्या. सांगा, "दोन्हींत काय सारखे आणि काय वेगळे, ते मला सांगा. पुस्तकात पाहायचे नाही, डहाळ्यात पाहायचे." कोणी म्हणेल, चिंचेची पाने बारीक आहेत. कोणी म्हणेल, कडुनिंबाची कड खरखरीत आहे. कोणी चावून बघेल आणि तोंड वाकडे करील. बिलोलीकडच्या वर्गात आणखी एक गंमत होते. तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून. घरोघर बोली वेगळी. एखादा पोरगा म्हणेल, "गुरुजी, आमच्या घरी ह्याला चिंत म्हणतेत." दुसरी म्हणेल, "आम्ही इमली म्हणतो." कडुनिंबाला कोणी वेप म्हणेल, कोणी नीम. अशा वेळी "चूक, बस खाली" असे म्हणू नका. सगळी नावे फळ्यावर मांडा. मग विचारा, "नावे इतकी झाली, पण पान बदलले का?" नाव माणसाने दिलेले असते, पान झाडाचे असते, ही गोष्ट मुलांच्या मनात तिथेच पक्की बसते. घरी तेलुगू किंवा उर्दू बोलणारे जे मूल मराठीच्या तासाला मागे मागे राहते, तेही या तासाला पुढे सरकते, कारण डोळे सगळ्यांना सारखेच दिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी सांगा, की आज दिवे लागणीला चिंचेकडे बघून या. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात. कडुनिंबाची मिटतात का? हे तुम्ही सांगू नका. मुलांना सांगू द्या.

पाहण्यात एक फसगत असते, तिच्याकडे लक्ष असू द्या. मूल म्हणते, "पान अळीने खाल्लं." आपण विचारावे, "अळी खाताना तू पाहिलीस?" "नाही गुरुजी, भोकं पाहिली." म्हणजे पाहिली ती भोके, अळी हा अंदाज झाला. सकाळी अंगण ओले दिसले, तर पाहिले ते ओले अंगण. रात्री पाऊस पडला हा अंदाज. कदाचित आईने सडा टाकला असेल, कदाचित हौद वाहिला असेल. अंदाज करणे वाईट नाही, बरे का! अंदाजाशिवाय शोध पुढे जात नाही. पण पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते, हे वेगळे ठेवता आले पाहिजे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "मी पाहिले", उजवीकडे "मला वाटते". एवढी एक रेघ मुलांना मारायला शिकवली, तरी वर्षाचे अर्धे काम झाले असे समजा. गावात अफवा उठते तेव्हा मोठ्या माणसांनाही या रेघेची गरज पडते.

दुसरी पायरी मोजण्याची. "लांब", "पुष्कळ", "जास्त" या शब्दांनी भांडण मिटत नाही; आकड्याने मिटते. त्याची सुरुवात काठीने करा. शाळेच्या पटांगणात एक मीटर लांबीची सरळ काठी उभी रोवा. वर दोरीला दगड बांधून काठी ओळंब्यात आहे ना ते पाहा. दुपारी बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत जा. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते, ती खरी मध्यान्ह. मुलांना वाटेल, घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर. पण बिलोलीत सावली सर्वांत आखूड होते ती साधारणपणे बारा वाजून गेल्यावर. नोव्हेंबरात दोन-चार मिनिटांनी, तर फेब्रुवारीत अर्ध्या तासाहूनही थोडी उशिरा. आपले घड्याळ चालते ८२॥ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने, आणि आपण त्या रेषेच्या पश्चिमेला आहोत. सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो. शिवाय सूर्याची चाल वर्षभर अगदी घड्याळासारखी एकसारखी नसते. हे सगळे चौथीच्या मुलाला समजावण्याची घाई नको. "घड्याळ आणि सावली जुळत नाहीत" एवढे त्याने स्वतः पाहिले की पुष्कळ झाले.

याच काठीची आणखी एक नवलाई आहे. मुले ऐकून असतात, की दुपारची सावली उत्तरेकडे पडते. पण जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा आभाळ मोकळे असेल त्या दुपारी पाहा: बिलोलीत सावली दक्षिणेकडे पडलेली असते! एक मीटर काठीची सावली २१ जूनच्या सुमारास अवघी आठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला. हीच सावली डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ९० सेंटिमीटरच्या वर जाते, आणि ती उत्तरेला. मधे दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, सावली पायाखालीच नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले, म्हणून ही मौज सहसा हुकते. सुट्टीत गावातल्या चार पोरांना हे काम देऊन ठेवा. मात्र सूर्याकडे डोळे लावून पाहायचे नाही, सावलीकडे पाहायचे, हे आधी बजावून सांगा.

अशाच सावलीवरून बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात राहणाऱ्या इरॅटोस्थेनिस नावाच्या विद्वानाने सगळ्या पृथ्वीचा घेर काढला. दूर दक्षिणेच्या सायीनी गावात वर्षातल्या एका दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, असे त्याला कळले होते. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडत होती. त्याने सावलीचा कोन मोजला; तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. मग दोन गावांमधल्या अंतराची पन्नासपट केली की झाला पृथ्वीचा घेर! त्याच्यापाशी होते काय? सावली, मोजमाप आणि एक चांगला प्रश्न. आपल्या पटांगणातली काठी त्याच जातकुळीची आहे.

आता बाटलीकडे वळू. मृग निघाला की गावात एकच चर्चा: पाऊस किती झाला? एक म्हणतो भरपूर, दुसरा म्हणतो नुसता शिडकावा. पाऊस मोजण्यासाठी सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून थोडे खडे टाका आणि बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडापासून, भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी पक्की बसवा. रोज सकाळी साडेआठला एका मुलाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने तो न सांगता पुन्हा वाचायचा. दोघांचे जुळले की वहीत लिहायचे, आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचे. ज्या दिवशी पाऊस नाही, त्या दिवशीही शून्य लिहायचे. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक आहे: शून्य म्हणजे पाहिले आणि पाऊस नव्हता, रिकामी जागा म्हणजे पाहिलेच नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. हे गणित मुलांकडून करून घ्या, आणि मग घरी सांगायला लावा. कृषी विद्यापीठे आणि कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरणी करू नका. पण ७५ मिलिमीटर म्हणजे किती, हे गावात कोण सांगणार? शाळेची बाटली सांगेल. ही बाटली सरकारी नोंद नव्हे. नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळाच्या यंत्रावरचा आकडाच धरला जातो. पण आपल्या शिवारात पडलेला पाऊस आपल्याला कळावा, यासाठी ती पुरेशी आहे.

शेतकरी बंधूंनो, आता तुमच्या काळजाला भिडणारी गोष्ट सांगतो. दुबार पेरणी म्हणजे काय असते, हे मी तुम्हांला सांगायला नको. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली, आणि सर्वांत वाईट म्हणजे दिवस गेले. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी इतक्या आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली. आधल्या वर्षी, २०१९ साली, ऐन काढणीत पाऊस झाला होता आणि पुष्कळ बी त्यातच भिजले होते. वरून पाहिले तर दाणा दाण्यासारखाच दिसतो. आत जीव आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा काय करावे? विचारावे. कोणाला? दाण्यालाच!

हा प्रयोग शाळेत मे-जूनच्या सुमारास, पेरणीच्या निदान पंधरा दिवस आधी करायचा. शाळा उघडलेली नसेल तर मुलांनी घरी करावा. घरच्या राखलेल्या सोयाबीनच्या पोत्यातून वरून, मधून आणि तळातून मूठमूठ बी घ्या आणि एकत्र करा. त्यातून निवड न करता शंभर दाणे मोजा. "निवड न करता" हे महत्त्वाचे. मूल टपोरे टपोरे दाणे उचलू लागते. त्याला सांगा, शेतात तिफण टपोरे पाहून पेरते का? ओल्या बारदानावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले बारदान घाला, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. बारदान ओले राहिले पाहिजे, पण पाण्यात बुडता कामा नये.

गुंडाळी ठेवली, की लगेच प्रत्येक मुलाने वहीत लिहायचे: "मला वाटते, शंभरातले इतके उगवतील." शाईने लिहायचे, खोडरबर बाजूला. अंदाज चुकला तर तो चुकलेलाच वहीत राहू द्यायचा. चुकलेला अंदाज ही शरमेची गोष्ट नाही; खोडलेला अंदाज मात्र आहे.

सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उघडा. निरोगी मूळ आणि कोंब आलेले दाणे मोजा. कुजलेले, कडक राहिलेले, वेडेवाकडे कोंब आलेले बाजूला. असे शंभर-शंभराचे तीन वेळा करा आणि सरासरी काढा. मुले विचारतील, "गुरुजी, धाच दाने घेतले तर न्हाई चालत का?" चांगला प्रश्न आहे, तेव्हा उत्तर देऊ नका, करून पाहू द्या. दहाच दाणे घेतले, तर त्याच पोत्यातून एकदा सात उगवतील, एकदा नऊ, एकदा पाच. थोड्यावरून पुष्कळाचे बोलू नये, हे त्यांना आपोआप कळेल.

आता गणित. शंभरात ७० किंवा अधिक उगवले, तर बी पेरण्याजोगे. एकरी ३० किलो लागते. ६० उगवले तर? ३० किलोतले ७० टक्के म्हणजे २१ किलो बी जिवंत. ६० टक्के उगवणारे किती घेतले म्हणजे २१ किलो जिवंत बी मिळेल? ३५ किलो. शेकडेवारीचे असे उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडेल? आणि उगवण ६०च्याही खाली गेली, तर ते बी पेरूच नये.

इथे एक अवघड प्रसंग येतो, आणि मला वाटते, या सगळ्या शिक्षणाची खरी परीक्षा तिथेच आहे. समजा, एका पोरीने घरच्या बियाचे शंभर दाणे मांडले आणि उगवले ५४. ती संध्याकाळी बापाला सांगते, "अप्पा, आपलं बी बरोबर न्हाई." बाप दिवसभराचा थकलेला. तो म्हणतो, "लई शानी झालीस! बी घरचं हाय, मी राखलेलं हाय." पोरगी गप्प बसली, तर प्रयोग वाया गेला. ती बापाशी वाद घालू लागली, तर घर बिघडले. मग तिने काय करावे? तिने म्हणावे, "अप्पा, माझं चुकलं असेल. आपण दोघं मिळून पुन्हा मोजू." मंडळी, हे एकच वाक्य बोलता आले की त्या पोरीला विज्ञान आले असे खुशाल समजा. माझे चुकले असेल, ही नम्रता. आणि पुन्हा मोजू, ही हिंमत. बापहो, तुम्हीही तिला झिडकारू नका. शंभर दाण्यांना आणि एका बारदानाला पैसा लागत नाही. तुमचे म्हणणे खरे निघाले तर आनंदच आहे. तिचे खरे निघाले तर तिने तुमचा हंगाम वाचवला.

याच दाण्यांवर पुढची पायरी शिकवता येते, ती म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची. दोन डबे घ्या. माती एकच, पाणी तेवढेच, ऊन तेच, बी त्याच पोत्यातले. एका डब्यात दाणा तीन सेंटिमीटर खोल, दुसऱ्यात दहा सेंटिमीटर. फरक पडला तर तो खोलीनेच पडला, असे म्हणता येते. पण एका डब्यात काळी माती आणि दुसऱ्यात वाळू घातली, शिवाय खोलीही बदलली, तर कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. तसेच, सोयाबीनचे साल फार पातळ असते. पोती आपटली तर आतल्या कोंबाला इजा होते असे जाणकार सांगतात. ते खरे का? शंभर दाणे पिशवीत घालून फरशीवर दहा-वीस वेळा जोराने आपटा, दुसरे शंभर तसेच ठेवा, आणि दोन्ही शेजारी शेजारी उगवायला घाला. काय दिसते ते मुलेच येऊन तुम्हांला सांगतील, आणि पुढच्या वर्षी बैलगाडीतून पोते उतरवताना तीच ओरडतील, "हळू ठिवा हो!"

एक सावधगिरी मात्र पाळा. दुकानातल्या बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेले असते, त्याला रंगही असतो. ते बी लहान मुलांच्या हाती देऊ नका. घरचे, औषध न लावलेले बी घ्या, आणि काम झाले की साबणाने हात धुवायला लावा. विहिरीच्या काठी, नाल्याच्या पुरात किंवा सापाकिड्याच्या मागे मुलांना "निरीक्षणा"साठी पाठवू नका.

शेवटची पायरी सांगण्याची. जे पाहिले, मोजले, ते दुसऱ्याला समजेल असे मांडता आले पाहिजे. पावसाचे आकडे शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर रोज लिहा, म्हणजे येणारे-जाणारे वाचतील. २८ फेब्रुवारीला, रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. त्या दिवशी पुठ्ठ्याचा ज्वालामुखी करायला हरकत नाही. पण त्याच्या शेजारी मुलांच्या मळलेल्या वह्याही मांडा. पालकांना बोलवा. चुकलेल्या अंदाजांची वही सर्वांत पुढे ठेवा.

कोणी म्हणेल, हे बोलायला ठीक, खेड्यात होते का? होते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून असेच शिक्षण सुरू झाले. मुले पाने गोळा करीत, मोजमाप करीत, आपसांत वाद घालीत. परीक्षेलासुद्धा पुस्तक उघडून बसण्याची मुभा असे, कारण विचारले जाई ते पाठांतर नव्हे, विचार. पुढे हा उपक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ पर्यंत चालला. आपल्याकडे मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले, तेही मुलांनी विज्ञान करून शिकावे म्हणूनच. आणि बिलोली तालुक्यातच सगरोळी येथे १९५९ साली संस्कृती संवर्धन मंडळ उभे राहिले. शाळा आणि शेती एकाच आवारात नांदू शकतात, हे तिथे जाऊन पाहता येते. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणकारांना एकदा आपल्या शाळेत बोलवा. मुलांचे प्रश्न ऐकून त्यांनाही समाधान वाटेल.

गुरुजनहो, तुमच्यावर कामाचा भार किती आहे, याची कल्पना आहे. दोन-दोन वर्ग एकाच खोलीत, कागदपत्रे, जेवणाची व्यवस्था, सर्वेक्षणे. म्हणून रोज एक तास काढा असे मी म्हणत नाही. सकाळी बाटलीला पाच मिनिटे, दुपारी काठीला दहा मिनिटे, आठवड्यात एकदा वह्यांना अर्धा तास. आणि एक वाक्य जिभेवर असू द्या. मुलाने असे काही विचारले, की ज्याचे उत्तर तुम्हांला ठाऊक नाही, तर "गप बस" म्हणू नका, किंवा ठोकून काही सांगूही नका. म्हणा, "मलाही ठाऊक नाही रे. कसे शोधायचे, सांग बघू?" यात गुरुजींचा मान कमी होत नाही. उलट, ज्या वर्गात गुरुजीसुद्धा शोधतात, त्या वर्गात शोधायची लाज कोणालाच वाटत नाही.

तर मंडळी, उद्या सकाळी एक काठी रोवा. बाकीचे मुलेच करून घेतील.

राम राम!